कॅमेऱ्याला पाठ

कॅमेऱ्याला पाठ देऊन चालण्यात आज माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच सांगतो. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसणाऱ्यांतला मी नव्हे. पण पहिल्या सिनेमात ह्याच चालण्यापायी माझं नाक कापलं जायची वेळ आली होती.

पालीजवळ आमचं गाव. शिमग्यात आमच्या वाडीचं नमन असतं. मृदुंग, गवळणी, मग वगनाट्य. बारा वर्षांचा असताना मी त्यात लुगडं नेसून गवळण झालो आणि मला चटकच लागली. तालीम बाबा घ्यायचे, हातात निरगुडीचा फोक. नियम एकच: समोर माणसं बसलीत, त्यांना पाठ दाखवायची नाही. आत जायचं तर आडवं सरकत जायचं. वळलो, की पोटरीवर फोक बसलाच.

पण सिनेमा म्हटलं की ह्याच बाबांचं डोकं फिरायचं. नमन ही देवाची सेवा आणि सिनेमा म्हणजे रिकामे धंदे! बारावीनंतर तीन वर्षं मी मोबाइलवर ऑडिशन करून पाठवत राहिलो. शेवटी मामाने मुंबईत एका गोदामात नोकरी बघितली. सोमवारी हजर व्हायचं ठरलं. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, शूटिंग आलं आणि मला काम मिळालं. घर सोडून जाणारा मुलगा. दोन वाक्यं बोलायची आणि निघून जायचं. बाबा म्हणाले, "कर, हौस फिटू दे. सोमवारी मात्र गाडीत बसायचं." मी मनात म्हटलं, असं काम करीन की ह्यातूनच पुढचं मिळेल. नाहीतर गोदाम होतंच.

युनिटचे दिवे वाहायला टेम्पो लागला होता तो बाबांचाच. म्हणजे ते बघायला हजर. झालं कल्याण!

वाक्यं मी झोकात टाकली. मग दिग्दर्शिका म्हणाल्या, "आता घराकडे पाठ करून कातळावरून सरळ निघून जा." कॅमेरा घराच्या दारात होता. चार पावलं गेलो आणि अंग आपोआप आडवं झालं. कुर्लीसारखा तिरपा चाललोय, तोंड कॅमेऱ्याकडे! सगळं युनिट खो खो हसलं. दुसऱ्यांदा तेच, पाचव्यांदाही तेच. बाईंनी घड्याळ बघितलं आणि सहायकाला म्हणाल्या, "ह्याचे कपडे दुसऱ्या कुणाला तरी घाला. पाठच तर दिसायची आहे."

माझं डोकं सणकलं. "मॅडम, ह्या सड्यावर लहानाचा मोठा झालो मी, आणि माझ्या जागी दुसरा चालणार? अजून एकदा द्या." आवाज चढला होता, पण डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? बाई म्हणाल्या, "शेवटचं."

तेवढ्यात बाबा टेम्पोजवळून उठले. कुणालाही न विचारता सड्याच्या पार टोकाला गेले आणि करवंदीच्या जाळीआड, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे उभे राहिले. तिथून हाक आली, "बाला, तिकडं कोण नाय! बघणारा मी हिकडं हाय. माझ्याकडं तोंड करून ये."

मी निघालो. सरळ, ताठ. मागे कॅमेरा आहे हेच विसरलो. जाळीच्या फटीतून बाबा दिसत होते, त्यांच्यावर नजर ठेवून चालत राहिलो. जवळ पोचलो तर बाबा रडत होते. मी घर सोडून निघालो की कसा दिसेन, ते त्यांनी समोरून बघितलं होतं. मागून "कट" ऐकू आलं, पाठोपाठ टाळ्या.

बाबांनी टॉवेलाने तोंड पुसलं, फोन काढला आणि मामाला लावला. "सोमवारची वाट बघू नको," म्हणाले. "पोरगा कामाला लागला हाय."