पायाळूचा उजवा पाय

“पाय वाचणार नाही. तुम्ही वाचाल की नाही, ते नंतर सांगतो,” डॉक्टर म्हणाले. समोर माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे लावलेला होता. शेजारी बसलेली माय मला विचारू लागली, “काय म्हणायलेत रं?” मी म्हटलं, “लचक न्हाई म्हणायलेत.”

आजाराचं नाव ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. तरण्या पोरांना होतो, बहुतेकदा गुडघ्यापाशी.

मी मुंबईतल्या एका कंपनीच्या फुटबॉल संघात स्ट्रायकर होतो. गोल मारायचा पगार घ्यायचो. आमच्या बोरी गावात फुटबॉल कुणाला ठाऊक नव्हता, पण माझा पाय सगळ्यांना ठाऊक होता. मी पायाळू, मायच्या पोटातून पायाकडून आलेला, त्यातही उजवा पाय आधी. पायाळूचा पाय लागला की पाठीतली लचक जाते, असं आमच्याकडं मानतात. एरवी बौद्धवाड्यात पाऊल न टाकणारी माणसं पाठ धरून आमच्या दारात यायची आणि अंगणात पालथी पडायची. मी हलकेच पाय लावायचो. पुढं त्याच पायानं गोल व्हायला लागले, तर माय म्हणाली, गुण पायातच हाय.

म्हणून गुडघा दुखू लागला तेव्हा कुणी घाबरलंच नाही. कुणाची तरी लाथ लागली असेल म्हणून संघातल्या मालिशवाल्यानं तेल चोळलं. सुट्टीत गावी आलो, तर माय म्हणाली, “लचकच हाय. पायाळूची लचक दुसऱ्या पायाळूनंच काढावी लागती.” येलदरीला धरणाकडं एक पायाळू कोळीण होती. तिनं गुडघ्यावर टाच दाबली आणि मी बोंबललो. “निघायलीय बघ,” ती समाधानानं म्हणाली. निघतीय कसली, डोंबल. गाठ वाढत होती. परत मुंबईला जावं तर विद्यापीठाच्या नामांतराचा बंद, एसट्या जागच्या जागी उभ्या. बंद उठल्यावर मायला घेऊन मुंबई गाठली, तेव्हा कुठं तो एक्स-रे निघाला.

तुमच्या घरात कुणाचं हाड असं दुखत असेल तर एवढं ऐका. पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर चोळू नका. आधी एक्स-रे काढा.

बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. मग मांडीतून पाय कापला. शुद्धीवर आलो तर नसलेल्या पायाची बोटं दुखत होती. याला फॅन्टम पेन म्हणतात, गेलेला अवयव दुखत राहतो. डॉक्टर म्हणाले, “मेंदूला अजून कळलेलं नाही.” मला मात्र चांगलं कळलं होतं. किमोथेरपीच्या सुया लागल्या तशा उलट्या सुरू झाल्या, केस गेले. संघात माझ्या जागी दुसरा आला. त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

हा आजार फुफ्फुसात पसरतो, म्हणून पुढं छातीचा एक्स-रे काढला. “सध्या स्वच्छ आहे,” डॉक्टर म्हणाले, “सध्या हा शब्द लक्षात ठेवा.” तो शब्द घेऊन मी बोरीला आलो.

एका सकाळी देशमुखांची म्हातारी पाठ धरून दारात उभी. माय म्हणाली, “आता कशाला आलाव, बाई? गेला की त्यो पाय.”

म्हातारीनं माझ्याकडं खालवर पाहिलं. “एक हाय की,” म्हणाली आणि अंगणात पालथी पडली.

तो एक उचलला तर उभं कशावर राहायचं? कुबड्या बगलेत घट्ट रोवल्या, मायनं मागून कंबर धरली आणि मी डावा पाय उचलला. तेवढा वेळ माझं काहीच जमिनीला लागलेलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि आजारपणात पहिल्यांदाच बरंही वाटलं.

“दाब की जरा,” म्हातारी खालून म्हणाली.