रिटचबाईंचा उलटा हात

"आई, माऊस टेबलावरून उचलू नका."

"उचलला नाही. जरा झटकला."

"तो काय थर्मामीटर आहे झटकायला?"

सून हसली नाही, म्हणून सासूबाईंनीही हसू गिळलं. जेवायच्या टेबलावर मिठाच्या बरणीला खेटून एक जुना कॉम्प्युटर बसला होता. सून ज्या छापखान्यात दुकानांच्या पाट्या जुळवायची, त्यांनी तो मोडीत काढलेला. तिने तो उचलून घरी आणला आणि रोज संध्याकाळी कामावरून आली की पदर खोचून सासूला शिकवायला बसू लागली. आज नववा दिवस होता. शिकणारी आणि शिकवणारी, दोघींच्या नाकाशी सूत धरायची पाळी आली होती.

सासूबाई म्हणजे स्टुडिओतल्या रिटचबाई. बत्तीस वर्षं त्या एकाच खुर्चीत, एकाच खिडकीशी बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवत आल्या होत्या. मागून उजेड येईल अशी तिरकी काच, डोळ्याला भिंग आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालचे खड्डे, नाकावरची पुटकुळी, सगळं त्यांच्या हाताखालून मवाळ होऊन जायचं. तेही श्वास रोखून, कारण निगेटिव्ह एकच असायची. रेघ चुकली की बसा बोंबलत. स्वतःच्या नवऱ्याचा फोटोही त्यांनीच रिटच केला होता. तो बघून त्यांचे सासरे म्हणाले होते, "हा आमचाच का?"

आणि आता मालकांनी फिल्मशिवायचा कॅमेरा आणला. थोरल्या मालकांचा हा मुलगा. बाईंच्या काचेवर खडूने गाड्या काढत मोठा झालेला. त्यामुळे बोलताना तो बाईंकडे न बघता पंख्याकडे बघत होता.

"बाई, जग बदललं. आपणही बदलायला हवं."

"आपण म्हणजे मी ना?"

"हा एक फोटो शनिवारी दुपारपर्यंत कॉम्प्युटरवर तुम्ही स्वतः करून दाखवा. जमला, तर रिटचिंग तुमचंच. नाही जमला, तर बाहेरून करून घेऊ. तुम्ही मग काउंटरवर बसा, पाकिटं द्या-घ्या. बसूनच काम आहे."

बसूनच काम! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बत्तीस वर्षं काय उड्या मारत होत्या?

फोटो होता एका शिक्षिकेच्या वडिलांचा. तिच्याकडे त्यांचा हा एवढाच फोटो उरलेला. गालावरून घडी गेलेली आणि डोळ्यांखाली अशा गडद सावल्या, की म्हातारा कुणाशी तरी मारामारी करून आल्यासारखा दिसावा. मालकांनी फोटोची एक प्रत डिस्कवर घालून बाईंना सरावाला दिली होती.

घडी बाईंनी पाचव्या दिवशी जिंकली. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि घडीवर बसवायची, हे त्यांना शिवणकामातल्या ठिगळासारखं लगेच कळलं. घोडं अडलं ते डोळ्यांशी.

"आई, सावली कमी करायची आहे ना? मग उजळ रंग घ्या."

"घेतला."

"हा काळा आहे."

"अगंबाई."

पुन्हा पांढरा. दोन फटकारे ठीक. तिसऱ्याला बाई रंगाच्या चौकटीकडे न बघता काळा उचलत आणि म्हाताऱ्याचा डोळा आणखी सुजे. सून म्हणे, "अनडू करा." बाई अनडू करत. दिलेला घास काढून घ्यावा तसा फटकारा नाहीसा होई. आणि बाईंना खरा राग यायचा तो त्याचाच.

"हे तुझं अनडू मला आवडत नाही."

"का? चूक पुसता येते की!"

"म्हणूनच. पुसता येतं म्हटल्यावर हात माजतो. आमच्या वेळी हात घाबरायचा, म्हणून चुकायचा नाही."

"पण आत्ता चुकतोय ना? वीस वेळा तोच काळा, आई! वीस वेळा! माझ्या छापखान्यातला चहावालासुद्धा एव्हाना शिकला असता."

"मग त्यालाच सासू कर!"

सून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. भांडी स्वच्छच होती. बाई पडद्यासमोर बसून राहिल्या. समोर काळ्या डोळ्यांचा म्हातारा. जणू म्हणत होता, बाई, तुमच्यापेक्षा घडी बरी होती.

त्यांना समजत नव्हतं. बुद्धीला पांढरा हवा होता, बोटं काळ्याकडे धावत होती. स्वतःचा हात स्वतःचं ऐकेना, याइतकी शरम कशाची? शनिवार परवावर आला होता. डोळ्यांपुढे काउंटर दिसू लागला: पाकिटं, पावत्या, "सुटे आहेत का?"

रागारागाने त्यांनी पिशवीतून पत्र्याची डबी काढली. आत पेन्सिली आणि एक टाकाऊ निगेटिव्ह.

"इकडे ये," त्या ओरडल्या. "मी आंधळी नाही, हे तुला दाखवते."

सून ओल्या हातांनी आली. बाईंनी निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली. त्यात एक बाई होती. केस पांढरे, चेहरा काळा.

"हे डोळ्यांखाली पांढरट दिसतंय ना, ती खरी सावली. फोटो छापला की ती काळी येणार. म्हणून मी इथे पेन्सिलीने काळं भरते. जितकं इथे काळं, तितकं कागदावर उजळ. बत्तीस वर्षं हेच केलं. माझं चुकत नाही!"

बोलता बोलता त्या थांबल्या. सून निगेटिव्हकडे बघत होती, मग पडद्याकडे, मग सासूकडे.

"आई," ती हळू म्हणाली, "नऊ दिवस हे सांगितलं का नाही?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं? हाताला ठाऊक होतं."

सुनेने खुर्ची ओढली आणि दोन बटणं एकदम दाबली. पडद्यावरचा म्हातारा फटकन उलटला. मिशा काळ्या झाल्या, कोट पांढरा झाला, डोळ्यांखाली पांढरट डाग उमटले. जिवंत निगेटिव्ह!

बाईंनी नकळत श्वास रोखला.

"ब्रश अगदी फिकट ठेवते. आता भरा तुमचं काळं."

शनिवारी सकाळी नऊपासून बाई स्टुडिओच्या कॉम्प्युटरला चिकटून बसल्या. मान अवघडली. माऊसला पेन्सिलीचं टोक नाही, म्हणून त्याला दोनदा शिव्या घातल्या. बाराला मालक आत आले आणि दारातच थबकले.

"अहो बाई! हे काय भूत करून ठेवलंय?"

"उजेडातून बाजूला व्हा."

मालकांच्या मागे शिक्षिका उभी होती. फोटो न्यायला आलेली. मालकांनी तिच्याकडे ओशाळून बघितलं. बाईंनी शेवटचा फटकारा दिला, श्वास सोडला आणि दोन बटणं दाबली.

घडी नव्हती. डोळ्यांखालच्या सावल्या होत्या, पण निम्म्या. मारामारीतून आलेला माणूस आता नुसता दिवसभराच्या कामावरून आलेला दिसत होता.

"सगळ्या घालवल्या नाहीत?" मालकांनी विचारलं.

"घालवल्या असत्या, तर वीस वर्षांचा झाला असता. मग मुलगी कुठून आली?"

 शिक्षिकेने पर्स काउंटरवर ठेवली आणि पडद्याच्या इतकी जवळ गेली, की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

मालकांनी घड्याळ बघितलं. "तीन तास, बाई. सोमवारी पासपोर्टचे वीस चेहरे येणार आहेत. तेही असे उलटे करणार?"

"हो."

"सरळ का नाही करत?"

"तुम्ही पुढच्या दाराने या. मी मागच्या दाराने येते. घर तेच."

मालकांनी पंख्याकडे बघितलं, मग शिक्षिकेच्या पाठीकडे. "बरं. पण वीसच्या वीस संध्याकाळपर्यंत हवेत."

"खुर्ची खिडकीशी हलवून द्या. आणि हा माऊस बदला, घसरतो मेला."

घरी सुनेने दारातच विचारलं, "काय झालं?"

"राहिले माझ्याच खुर्चीत," बाई चपला काढत म्हणाल्या. "आणि एवढी हुरळू नकोस. ते अनडू मला अजून आवडलेलं नाही."