अनुज्ञेय त्रुटी

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकाही काट्यावर विश्वास ठेवलेला नाही. मग तो वजनाचा असो, घड्याळाचा असो, गाडीच्या वेगाचा असो की बाभळीचा. बाभळीचा काटा पायात रुतला तर तो पुरता निघाला की अर्धा आत राहिला याची ते दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घेतात आणि मग त्या माणसाला चष्म्याचा नंबर विचारतात. धुळ्यात त्यांना सगळे नाना म्हणतात. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेली. दोंडाईच्याच्या बाजारापासून पिंपळनेरपर्यंत ज्याच्या तराजूच्या पारड्याखाली नानांनी वाकून पाहिलं नाही, असा व्यापारी सापडायचा नाही. पारड्याखाली चिकटवलेले चिंचोके, मेणाच्या गोळ्या, लोहचुंबकाचे तुकडे त्यांनी इतके खरवडून काढले, की पुढे पुढे त्यांना या जगालाच खालून काहीतरी चिकटवलेलं आहे असं वाटायला लागलं. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं शिक्के परत घेतले, संशय मात्र त्यांच्याकडेच राहिला.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात. माझ्या माहितीपत्रकात उंची पाच फूट सात इंच अशी लिहिली होती. पोहे यायच्या आतच नानांनी खिशातून टेप काढली, मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, टाचा टेकल्यात का ते गुडघ्यावर बसून पाहिलं आणि डोक्यावर पट्टी आडवी धरून चौकटीवर पेन्सिलीनं रेघ ओढली. "अर्धा इंच तूट आहे," त्यांनी आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं. माझे वडील उठायच्याच बेतात होते. तेवढ्यात नाना म्हणाले, "पण अनुज्ञेय त्रुटीत बसतंय. पुढे जायला हरकत नाही." काटा किती चुकला तर सरकार माफ करतं, त्या मर्यादेला म्हणे अनुज्ञेय त्रुटी म्हणतात. नानांच्या शब्दकोशातला हा सगळ्यात प्रेमळ शब्द आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आपला अपमान झाला.

मी जळगावात एका शाळेत भूमिती शिकवतो. त्यामुळे नाना आले की माझ्या कंपासपेटीची झडती होते. "तुमच्या या पट्टीचं पहिलं सेंटिमीटर झिजलेलं आहे, जवाईबापू. याच्यावर तुम्ही पोरांना त्रिकोण काढायला शिकवता? त्या पोरांनी उद्या इमारती बांधल्या तर?" पेट्रोल भरायला गेलो की ते पंपावरच्या पोराच्या हाताकडे बघत नाहीत, डोळ्यांकडे बघतात. दूधवाला माप ओतताना फेस किती आणि दूध किती यावर त्यांचं एक छोटेखानी भाषण होतं. केळीचे घड तोलणाऱ्याला ते आधी रिकामा काटा दाखवायला लावतात. बरं, इतकं करून माप बरोबर निघालं तर हा माणूस खूश व्हावा? छे! माप बरोबर निघालं की ते जास्तच गंभीर होतात. "इतकं बरोबर कसं काय?" असं पुटपुटत बराच वेळ फिरत राहतात.

त्यांच्या बोलण्याची मात्र एक खूण आहे. संशय घेताना ते शुद्ध सरकारी मराठीत बोलतात. आतून हलले की जीभ घसरते ती थेट अहिराणीवर. आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळं सामान मोजून झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आमनी पोर भोळी शे, जवाईबापू." वैशाली, म्हणजे माझी बायको, भोळी आहे असं म्हणणारा माणूस मी तेव्हापासून आजवर दुसरा पाहिलेला नाही.

आता मुक्ताच्या तापाची गोष्ट सांगतो. मुक्ता आमची मुलगी. तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती, आणि दिवस मे महिन्याचे होते. जळगावच्या मे महिन्यात ताप कुणाला आहे हे ठरवणं सोपं नसतं. भिंत तापलेली असते, गादी तापलेली असते, नळाचं पाणी हात भाजून काढतं. अशा घरात एखादं बाळ गरम लागलं तर संशय बाळावर सगळ्यात शेवटी जातो. भर दुपारी वैशालीनं तिला पाजायला घेतलं आणि म्हणाली, "अंग तापलंय हो हिचं. आणि दूधही ओढत नाहीये." मी काखेत थर्मामीटर लावला. एकशे दोन. सासूबाई बाळंतपणासाठी आमच्याकडेच होत्या. त्या म्हणाल्या, लस टोचली होती ना, येतो त्यानं ताप. लस टोचून आठवडा उलटला होता. मी म्हणालो, ऊनच इतकं आहे. नेमके त्याच वेळी दारात धुळ्याचे नाना उभे राहिले.

डोक्याला ओला टॉवेल, तोही वाळून कडक झालेला, आणि तोंड लालबुंद. एस.टी. स्टँडवरच्या रिक्षावाल्याचा चेहरा त्यांना पटला नव्हता, म्हणून ते उन्हातून चालत आले होते. ताप कळताच त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे यंत्र कधी तपासलं होतं?" थर्मामीटर कुणी तपासत असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग त्यांनी तो पुसला आणि सरळ स्वतःच्या काखेत लावला. तो वाजला. शंभर. नानांच्या चेहऱ्यावर तपास लागल्याचं समाधान पसरलं. "मला ताप नाही. निरोगी माणसाचं असतं साडेअठ्ठ्याण्णव. म्हणजे यंत्र दीड अंश जास्त दाखवतं. बाळाच्या आकड्यातून दीड वजा करा. राहिला तो उन्हाळा. अनुज्ञेय त्रुटीत बसतंय." थर्मामीटर हातात उंच धरून ते म्हणाले, "पोरले ताप नही शे, यंत्रले ताप शे!" अहिराणी ऐकून मला कळायला हवं होतं की गडी आतून घाबरलेला आहे. पण मी कुठला लक्ष देतोय! माझं मन त्या वजाबाकीला बिलगलं होतं. इतकी वर्षं गणित शिकवतोय, वजाबाकी इतकी गोड मला कधी लागली नव्हती.

सासूबाईंनी शेजारणीकडून तिच्या नातवाच्या तापाचं उरलेलं औषध आणलं. नानांनी बाटली उजेडात धरली. "हे ज्याचं आहे त्याचं वजन किती? हिचं किती? एकाचं माप दुसऱ्याला?" असं म्हणून त्यांनी ती परत पाठवली. बाकी आम्ही निवांत झालो. नाना कूलरपुढे खुर्ची टाकून बसले, माठातलं पाणी प्यायले, बसभाड्यात काय घोळ आहे ते सांगू लागले. मी हसलोसुद्धा. वैशाली मात्र आत बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होती. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि दारातच थांबली. "तुमच्या वजाबाकीनं ती दूध प्यायला लागली का?" तिनं विचारलं. "हाक मारली की डोळे उघडत नाहीये नीट. तुम्ही यंत्र तपासा, नाहीतर भिंत तपासा. मी दवाखान्यात चालले."

मी म्हणालो, इतक्या उन्हात कुठे बाहेर काढतेस तिला? सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळ होऊ दे. नाना खुर्चीतून उठले. कुठलाही काटा एकदा तपासून सोडू नये असा त्यांचा जुना नियम. त्यांनी थर्मामीटर उचलला आणि पुन्हा काखेत धरला. तो वाजेपर्यंत आम्ही सगळे त्यांच्या काखेकडे बघत उभे होतो. वाजला. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. साडेअठ्ठ्याण्णव. अगदी बरोबर. "यंत्र खरं आहे," ते अगदी हळू म्हणाले. "वजन खोटं होतं."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मघाशी ते उन्हातून चालत आले होते, स्वतःच तापलेले होते. ते तापलेलं अंग प्रमाण धरून त्यांनी यंत्राला खोटं ठरवलं होतं. सगळ्या बाजारावर संशय घेतलेल्या या माणसानं एकाच वजनाची तपासणी कधी केली नव्हती, ते म्हणजे तो स्वतः. यंत्र खरं, म्हणजे बाळाचा एकशे दोनही खरा. "माले मनाच भरोसा नही ऱ्हायना," ते म्हणाले. स्वतःवरच भरवसा उरला नाही, असं नाना म्हणत होते! आणि मग एकदम माझ्यावर ओरडले, "शक शे ना? मंग बसनात कसाले? उठा, जवाईबापू!" जन्मभर संशय आला की माल थांबवा, काटा बंद करा, दुकानाला कुलूप लावा, एवढंच त्यांनी केलं होतं. संशय आला म्हणून धावत सुटलेले नाना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. टॉवेल विसरून ते अनवाणीच रस्त्यावर गेले आणि समोर आली ती पहिली रिक्षा घेऊन आले. एरवी प्रत्येक वळणावर "हा लांबून नेतोय" असं माझ्या कानात सांगणारे नाना रिक्षावाल्याला म्हणाले, "तुले वाटी तठून ने भो, पन लवकर ने."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुक्ताला तपासलं आणि आमच्याकडे एक नजर टाकली. "इतक्या लहान बाळाला ताप आला की घरी चर्चा करायची नसते. लगेच आणायचं असतं," त्या म्हणाल्या. ताप लसीचाही नव्हता, उन्हाचाही नव्हता. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. तिला दाखल करून घेतलं. औषध वजनावर ठरतं हे कळताच नाना पुढे झाले. "मॅडम, रिकामा काटा शून्यावर आहे का, तेवढं पाहू द्या." मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. बाईंनी न रागावता काटा दाखवला. शून्य. नानांनी खिशातून सरकारी शिक्का मारलेलं वजन काढलं (हा माणूस नातीला बघायला येताना खिशात वजन घेऊन आला होता!) आणि काट्यावर ठेवलं. काटा तंतोतंत खरा निघाला. "इतकं बरोबर कसं काय?" असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. नाना भिंतीला टेकून खाली बसले, तोंडावर धोतराचा सोगा धरला आणि रडले. काटा बरोबर निघाला म्हणून रडलेला निरीक्षक खात्याच्या इतिहासात दुसरा नसावा. मुक्तानं दुसऱ्या दिवशी दूध ओढलं. ते किती ओढलं यावर मात्र नानांचा आणि सासूबाईंचा वाद झालाच.

त्याला आता काही वर्षं झाली. मुक्ता शाळेत जाते. नानांचा संशय अजून शाबूत आहे, पण मामी गेल्यापासून त्यात पूर्वीचा जोर राहिला नाही. पेट्रोल पंपावर ते आताशा गाडीतच बसून राहतात. मला त्याचं वाईट वाटतं. परवा ते आले तेव्हा अंगावर शाल घेऊन कोपऱ्यात बसले होते, चहा घेतला नाही, माझी कंपासपेटीही मागितली नाही. मुक्ता त्यांच्याजवळ गेली. तिनं मोठ्या माणसासारखा त्यांच्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ विचार केला आणि जाहीर केलं, "नाना, तुम्हाला ताप नाहीये." मी मागून त्यांच्या मानेला हात लावून पाहिला. अंग चांगलंच तापलेलं होतं. मी थर्मामीटर आणायला वळलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आकडा नको बघायला. तिचं अनुज्ञेय त्रुटीत बसतं," ते म्हणाले.

"नाना, ताप आहे तुम्हाला. डॉक्टरकडे जाऊ या."

"जाऊत ना. शक शे तर जावाच." त्यांनी डोळे मिटले. "पन तिना हात ऱ्हाऊ द्या जरासा."