माणसात या

लग्न होऊन उमरोळीला आले आणि आठ दिवसांत माझ्या भावाने ह्यांना शिष्ट ठरवलं. बोलताना हे कोणाच्या डोळ्यांकडे बघत नसत. पाहुणे आले की मागच्या दाराने निघून कोंबड्यांपाशी जाऊन बसत. जेवायला रोज भात आणि सुका बोंबील. भाजीचा ओघळ भाताला लागला तर ताट तसंच राही. मी तोंडाची फटकळ. मुका बैल माझ्या गळ्यात बांधलाय, असं चारचौघींत म्हणायचे, ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

बोईसरला रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिथल्या सोबत्यांनी ह्यांना दारू शिकवली. पिऊन आले त्या पहिल्या संध्याकाळी हे माझ्या भावाशी तासभर हसले, बोलले. मला केवढा आनंद झाला! मग घरी कोणी यायचं असलं की मीच सांगायचे, "घ्या थोडी. माणसात या." सोळा वर्षं हे माणसात येत राहिले. नोकरी गेली, रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे मुंबईच्या इस्पितळात ठेवून दारू सोडवली.

परत आला तो पुन्हा मुका बैलच. संध्याकाळी सायकलने पाम गावच्या देवळात जायचे, कारण तिथे ह्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. घंटेच्या लोलकाला रुमाल गुंडाळायचे आणि मग देवापुढे डोळे मिटायचे. पुजाऱ्याने खडसावलं तर म्हणाले, देवाला असंही ऐकू येतं. अकरा महिने थेंब घेतला नाही. मला त्याचं कौतुक नव्हतं, ह्यांची लाज वाटायची.

मुलीची हळद होती. अंगणात बेंजो वाजत होता आणि व्याही विचारत होते, मुलीचा बाप कुठे आहे? बाप लाकडांच्या ढिगामागे कानात बोटं घालून बसला होता. हळदीला आमच्याकडे ग्लास फिरतातच. त्यातला एक मी उचलला आणि ह्यांच्यासमोर धरला.

"डॉक्टर नको बोलला हाय," हे म्हणाले.

"एका दिवसानं कोण मरत नाय. माणसात या."

प्याले. नाचलेसुद्धा. व्याही खूश झाले आणि मी मांडवात मिरवले.

दोन वर्षांनी पुन्हा तेच इस्पितळ. या वेळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बसवून कानांबद्दल, ताटाबद्दल, डोळ्यांबद्दल विचारलं. मग ऑटिझम हा शब्द सांगितला. हे जन्मापासून असेच होते. मोठा आवाज ह्यांना मारासारखा लागतो, आणि दारूने तो मार बधिर व्हायचा. यावर गोळी आहे का, असं मी विचारलं. गोळी नव्हती.

घरी येऊन मला समजलं तसं सगळं ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे बघत म्हणाले,

"मंजे मी वाईट नवतो."

मला रडू फुटलं. हळदीचा तो ग्लास माझ्या हातातला होता, मला माफ करा, म्हणून पाय धरायला वाकले. ह्यांनी पाय मागे घेतले. आवाजात राग नव्हता. कोंबड्यांना दाणे टाकून झाले हे सांगावं तसे बोलले.

"तू बोलली माणसात या, मी आलो व्हतो. आता नाय यायचा."