ठेक्यामागची जागा

शेजारच्या खोलीत इरा बेस गिटार वाजवू लागली की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचा स्टीलचा पेला किणकिणतो. तो सूर कानाआधी अंगाला कळतो. तळव्यांतून वर चढणारा जड, उबदार कंप! मधले काही आठवडे हा पेला मुका होता, आणि तो मुका केला मी.

इरा माझी मुलगी. तिच्या फंक बँडचा हा दुसरा अल्बम. पहिला त्यांनी उत्साहाच्या भरात उरकला होता. दुसऱ्यासाठी मात्र ही मुलं शिवाजी नगरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, उन्हाळाभर घाम गाळत होती. कच्चं रेकॉर्डिंग तिने सर्वांत आधी मला ऐकवलं. मी कारखान्यात यंत्रांची कंपनं तपासणारा इंजिनिअर. केसभर फरक दिसला की तो काढून टाकायचा, हेच आयुष्यभर केलं. लॅपटॉपवर ड्रमच्या आणि तिच्या गिटारच्या रेषा एकाखाली एक धावत होत्या, आणि तिची प्रत्येक रेषा किंचित उशिरा उमटत होती. गाणं कसं वाटलं, एवढंच तिने विचारलं होतं. मी म्हणालो, “तू सगळीकडे मागे पडतेस.”

संगणकावर एकेक सूर ओढून तिने ठोक्याच्या नेमका खाली आणून बसवला. मी समाधानाने मान डोलावली. मग एका दुपारी त्यांचा ड्रमवाला फरहान घरी आला, चहा घेता घेता त्याने नवं रेकॉर्डिंग ऐकलं आणि हळूच म्हणाला, “सब सही है, इरा। बस तू नहीं है इसमें।” त्या दिवशी गिटार खोळीत गेली. अल्बम माझ्याशिवाय करा, असं तिने मित्रांना कळवून टाकलं.

मोजलं तर चूक ठरतं आणि काढलं तर माणूसच नाहीसा होतो, असं काय असतं ते? मला चैन पडेना. झोपाळा वर गेल्यावर परतण्याआधी निमिषभर अधांतरी रेंगाळतो. सारं सुख त्या रेंगाळण्यातच नाही का? हबीबगंज स्टेशनवरच्या चहावाल्याला घाई आहे म्हणावं, तर “दे रिया हूँ, मियाँ” म्हणताना तो शब्द असे लांबवतो की गाडी चुकण्याची भीतीच विरघळून जाते. हे शहरच ठेक्याच्या जरा मागून चालतं. नागपूरहून आलेला मी इतकी वर्षं इथे घड्याळ बघत वावरलो. पण इथेच जन्मलेली माझी लेक दुसऱ्या कोणत्या लयीत वाजवणार होती?

फरहानकडून जुनं रेकॉर्डिंग मागून घेतलं. अवधपुरीतल्या आमच्या गच्चीवर, लॅपटॉपच्या पडद्याकडे न बघता, डोळे मिटून ऐकलं. ड्रमचा ठोका पडे, आणि त्याच्यामागून, जणू हसू दाबत, इरा येई. कधी पाय हलू लागला, कळलंच नाही.

आमच्या घरात बाप मुलीची माफी मागत नाही. फार तर तिच्या आवडीचं काही आणून ओट्यावर ठेवतो. मीही आधी पोहे-जलेबी आणून पाहिली. तिने ती खाल्ली, ताटली धुतली आणि खोलीत निघून गेली.

शेवटी तोच मुका पेला पाण्याने भरून तिच्या दारात उभा राहिलो. पाणी हिंदकळत होतं.

“इरा, जुनं रेकॉर्डिंग ऐकलं. तू कुठेही मागे पडलेली नाहीस. तू गाणं ऐकायला दिलंस आणि मी ते नुसतं बघत बसलो. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर.”