तात्यांनी माझी गिटार मजबूत केली

गिटार बनवणारं कुणी इथं असेल तर सांगा, मला काही सुचत नाहीये.

मी बारामतीत शिकवते आणि व्हिडिओ बघून माझी पहिली गिटार बनवतेय. काम चालतं शेळगावला, वडिलांच्या शेडमध्ये. वडील म्हणजे तात्या, सुतार. आयुष्यभर दारं, पलंग, बैलगाड्या केल्या. आता हात थरथरतो म्हणून बंद.

चार रविवार रंधा मारून मी वरची फळी पातळ केली होती आणि तिला आतून आधाराच्या बारीक पट्ट्या लावल्या होत्या. बोटानं टकटक केलं की छान घुमायची. आज मागची फळी चिकटवायला सकाळच्या एसटीनं गेले, तर ती आधीच चिकटलेली.

"आतल्या पट्ट्या लई बारीक हुत्या तुझ्या," तात्या म्हणाले. "सागवानाच्या जाड बसवल्यात. आता बघ."

आणि त्यांनी गिटारीवर गुडघा टेकवून अंगाचा भार टाकला. फळी जरासुद्धा लवली नाही.

मी टकटक केलं. दार वाजवल्यासारखा आवाज आला.

जी फळी लवत नाही ती वाजतही नाही, हे त्यांना कसं सांगू? उघडायला गेले तर फळी फाटेल. थरथरत्या हातानं केलेला जोड, पण त्यात केस शिरणार नाही.

"कशी झालीय?"

"मस्त झालीय, तात्या."

परतीच्या एसटीत असताना त्यांचा फोन आला. "अजून एका गिटारीच्या पट्ट्या कापून ठेवल्यात. तसल्याच जाड. पुढच्या रविवारी येतीस न्हवं?"

मी व्हय म्हणाले. तुम्ही काय म्हणाला असता?