दिव्यात दिसणारी पिठाची गिरणी

आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. विजेचा दिवा वाचता येणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होऊन गेला, आणि त्याची व त्याच्या जिवलग दोस्ताची ताटातूट मी केली.

तो माणूस म्हणजे आमचे घरमालक. खाली त्यांचं रंगीत सुताचं दुकान, वर माडीवर आम्ही बिऱ्हाडकरू. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी आणि नजर कायम वर. दुकानाच्या मधोमध दिवा टांगला, त्या दिवसापासून त्यांनी माणसांच्या तोंडाकडे पाहून बोलणं सोडलं. तेव्हा गावातल्या तारा इतक्या बारीक होत्या, की पेठेत कुठेही यंत्र सुरू झालं की सगळ्यांचे दिवे खाली जायचे. लोक कंपनीला शिव्या देत. मालक दिवा वाचत. किंचित लवला की म्हणत, "नाटकाचा पडदा उघडला." पार पिवळा पडला की, "गिरणी चालू झाली." ही पिठाची गिरणी दोन गल्ल्या पलीकडे, तिचा आवाजही आमच्याकडे यायचा नाही. पण मालकांचं एवढ्यावर भागत नसे. "जोंधळा टाकलाय," म्हणत, आणि जरा वेळानं, "आता गहू. कुणाकडं तरी पाव्हणं आल्यात." एकदा मी मुद्दाम पळत जाऊन पाहिलं. गहूच होता, आणि डबा घेऊन उभी असलेली बाई जावई आल्याचं सांगत होती.

दिवा खाली गेला की मालक बोलता बोलता थांबत, समोरच्यालाही हातानं थांबवत आणि दिवा वर आला की त्याच अक्षरापासून पुढे सुरू होत. आमची मुलगी झाली तेव्हा त्यांचा आशीर्वाद मला तीन तुकड्यांत मिळाला. अक्कलकोटला सासुरवाडीला निघाले की दिवा काढून पंच्यात गुंडाळून बरोबर नेत. तिथे वीज नव्हती. तुळईला सुतानं तो टांगून सासऱ्यांना सांगत, "हा आता पेटलाय असं समजा." सासरे साधे कानडी गृहस्थ, ते खरोखर डोळ्यांवर हात धरत.

त्यांचा दोस्त म्हणजे तो गिरणीवाला, मूळचा वळसंगचा. रात्री गिरणी आवरून पिठानं पांढराफटक होऊन तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसे, आणि त्याच्या गिरणीत काय काय झालं ते मालक त्याला सांगत. पट्टा कधी घसरला, घास कधी जास्त पडला, सगळं. तो तंबाखू मळत "व्हय की, व्हय की" म्हणत ऐकायचा. स्वतःचा दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात त्याला काय सुख होतं कोण जाणे, पण त्याची एक रात्र चुकली नाही.

मालकांचं कंपनीशी बिनसलं ते एका लुगड्यावरून. एका तेलुगू विणकरानं तिन्हीसांजेला त्यांच्याकडून काळं सूत नेलं. गिरणी जोरात होती, दिवा मिणमिणत होता. दोन लडी काळ्या गेल्या, दोन गडद निळ्या. काठ निम्मा विणून झाल्यावर उजेडात भांडं फुटलं. लुगडं मालकांपुढे टाकून तो म्हणाला, "हे दोघींनी मिळून नेसायचं काय?" मालकांनी ते ठेवून घेतलं आणि दुकानात सगळ्यांना दिसेल असं टांगलं. एवढ्यात वर्तमानपत्रात आलं, की कौन्सिलात नवा कायदा पास झाला. वीज कंपन्यांनी मुदतीत जुन्या तारा आणि खांब बदलायचे, दिवा सर्वांना सारखा द्यायचा, नाहीतर परवाना जाईल. मालकांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी पेढे वाटले. रस्त्यात कंपनीचा माणूस दिसला की त्याला अडवून "आपल्या कायद्याचं काय झालं?" असं विचारत, जणू कौन्सिलात हात वर करून तेच आले होते. तक्रार केली तर सरकारी तपासनीस दुकानात येऊन बघेल, असंही त्या कायद्यात होतं. मालकांनी तक्रार केली, आणि तपासनीस खरंच यायचा ठरला.

ही बातमी त्यांनी दोघांनाच सांगितली, गिरणीवाल्याला आणि मला. "कंपनीला वास लागता कामा नये," म्हणाले. मी त्याच कंपनीच्या कचेरीत हंगामी कारकून होतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी ते साहेबांच्या कानावर घातलं. मला कायम व्हायचं होतं. झालो.

तपासनीस आला त्या संध्याकाळी सगळी गल्ली दुकानापुढे लोटली होती. दिवा लागला आणि देवळातल्या समईसारखा उभा राहिला. हलेना, लवेना, पिवळा पडेना. तपासनीस घड्याळ काढून बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "मालक, दिव्याला भस्म जास्त लागलंय." सगळे हसले, तो विणकरही हसला. मी खाली मान घालून सुताच्या गठ्ठ्यावर बसलो होतो. मालक मान वर करून दिव्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, लिहून घ्या," ते म्हणाले. "गिरणी बंद हाय. यंत्रमाग बंद हायत. नाटकसुदीक बंद हाय. एवढं सगळं बंद केलं तवा कुटं माझा एक दिवा सरळ जळतोय. तारा बदलल्याबिगर भागायचं न्हाई, हे कंपनीनंच दाखवलं की."

तपासनीस उठला आणि तडक गिरणीवर गेला, मागोमाग गल्ली. गिरणीपुढे दळणाचे डबे ओळीनं अडकून पडलेले, आणि गिरणीवाला हातावर हात ठेवून बसलेला. कंपनीचा माणूस येऊन गिरणी बंद करायला सांगून गेला होता. मालकांना लोकांनी खांद्यावर बसवून परत आणलं. विणकर पुढे.

पायरीवर गिरणीवाला आला तेव्हा मात्र मालक त्याच्याशी बोलेनात. तो म्हणाला, "मालक, म्या कुनाला बोललो न्हाई."

"मग कंपनीला कळलं कसं? आपण तिघंच की."

तिसरा मी. मालकांनी माझ्याकडे नजरही वळवली नाही. माडीवर राहणारा माणूस घरातला, त्याच्यावर संशय घ्यायचा असतो हे त्यांना शिवलंच नाही. गिरणीवाल्यानं मात्र एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठला, धोतराला लागलेलं पीठ झटकलं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून मालकांचं दळण पार पेठेच्या त्या टोकाला जाऊ लागलं.

कंपनीला सगळ्या तारा बदलाव्या लागल्या. नवे खांब आले तेव्हा मालकांनी प्रत्येकाला भस्म लावलं आणि आमच्या दारच्या खांबापुढे नारळ फोडला. दिवा आता लख्ख, अढळ. काळं ते काळं, निळं ते निळं. दुकानात गिऱ्हाईक मावेना. अशाच एका संध्याकाळी मी खाली उतरलो, तर मालक एकटेच वर बघत बसले होते.

"गिरणी चालू हाय का बंद, आता कळंना," ते म्हणाले.

"चालू असेल," मी म्हणालो.

"जोंधळा का गहू?"

मला सांगता आलं नाही. तेही नाही, आणि जे सांगता आलं असतं तेही नाही.

मालक आता नाहीत. गिरणीवाला आहे, थकलाय. आमचं दळण त्याच्याकडेच जातं, ते मी स्वतः नेतो, आणि डबा उचलून परत येतो. कंपनीला मी सांगितलं होतं, एवढं त्याला सांगायचं माझ्याकडे अजून बाकी आहे.